जबाबदार राज्यपद्धतीसाठी झगडलेला संन्यासी

बी. ए. द्वितीय वर्ष (राज्यशास्त्र)

प्रथम वर्षाची गुणपत्रिका घेऊन मी गावी गेलो, तेव्हा वडिलांनी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील चौथीपर्यंत शिकले, आई अंगठा उठवते. गुणांचे आकडे वडिलांना फारसे उमगले नाहीत, पण वरच्या बाजूला ठळक छापलेले विद्यापीठाचे नाव त्यांनी अक्षराला अक्षर जोडीत वाचले. मग त्यांनी मला विचारले, की हे स्वामी रामानंद तीर्थ म्हणजे कुठल्या मठाचे?

मला उत्तर देता आले नाही. प्रवेशाच्या अर्जावर, परीक्षेच्या फॉर्मवर, किती वेळा हे नाव मी लिहिले असेल! पण तो माणूस कोण, कुठला, त्याने काय केले, हे मी कधी विचारले नव्हते. मोठे स्वातंत्र्यसैनिक होते, एवढे सांगून मी वेळ मारून नेली. वडिलांनी मान हलवली. पण माझ्या मनाला ती गोष्ट लागून राहिली.

यंदा आम्हांला अमेरिकेची राज्यघटना अभ्यासाला आहे. एके दिवशी सरांनी सांगितले, की फिलाडेल्फिया येथे २५ मे १७८७ पासून भरलेल्या परिषदेत ही घटना तयार झाली आणि १७ सप्टेंबर १७८७ रोजी तिच्यावर ३९ जणांनी सह्या केल्या. सतरा सप्टेंबर म्हणताच आम्ही सर्वांनी वहीतून माना वर केल्या. कारण आम्हां मराठवाड्यातल्या मुलांना ही तारीख शिकवावी लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादच्या निजामाने शरणागती पत्करली. दरवर्षी त्या दिवशी सकाळी आम्ही झेंड्याला वंदन करतो. शिवाय आमच्या विद्यापीठाची स्थापनाही १७ सप्टेंबर १९९४ ची. सर हसून म्हणाले, की हा केवळ योगायोग आहे, त्यावरून भलते निष्कर्ष काढू नका. ते खरेच आहे. परंतु त्या योगायोगाने माझ्या मनात एक प्रश्न उभा केला. अमेरिकन लोकांनी राजाचे राज्य झुगारले आणि मग कायद्याचे राज्य कागदावर उतरवले. आमच्याकडे हे कसे घडले? आणि त्यात या स्वामीजींचा वाटा कोणता? त्या प्रश्नापायी मी ग्रंथालयात जाऊ लागलो. जे हाती आले ते या लेखात सांगतो आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. म्हणजे हा भाग कानडी मुलखातला. पण पुढे मराठवाड्याने त्यांना आपले मानले आणि त्यांनी मराठवाड्याला. शिक्षणासाठी ते सोलापूरला असताना १९२० साली लोकमान्य टिळक वारले. सतरा वर्षेही पूर्ण न झालेल्या त्या मुलाने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचे ठरवले. आमच्या वयापेक्षा दोन वर्षांनी लहान वय! असहकाराच्या लाटेत त्यांनी सरकारी शाळा सोडली. अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. तिथे त्यांनी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. हे वाचून मला मोठा आनंद झाला. आपण ज्या विषयाच्या टिपणवह्या पाठ करतो, तोच विषय या माणसाने आधी अभ्यासला आणि मग आयुष्यभर आचरला.

शिक्षणानंतर ते कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्यासोबत काम करू लागले. प्रकृती ढासळल्यामुळे ते काम सुटले. १९२९ साली ते निजामाच्या हद्दीत, उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात आले. तिथे १९२१ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय शाळा होती. तिचे ते मुख्याध्यापक झाले. तिशी गाठण्याच्या आतच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. अंगावर भगवी वस्त्रे आली, पण हातातला खडू सुटला नाही. १९३५ पासून अंबाजोगाईला, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादला, बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांबरोबर ते योगेश्वरी विद्यालयाच्या कामाला लागले. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू असलेल्या त्या राज्यात मातृभाषेतून शिकवणारी खाजगी शाळा चालवणे हेच एक धाडस होते.

या ठिकाणी त्या राज्याची थोडी माहिती द्यावयास हवी. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे मिळून १९४१ च्या शिरगणतीत दीड कोटीच्या वर लोक. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. आजचा लातूर जिल्हा तेव्हा नव्हता. लातूर शहर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. राज्याचा मोठा भाग जहागिरींत आणि निजामाच्या खाजगी मालकीच्या सर्फेखास मुलखात मोडत असे. सारा प्रजेने भरायचा. पण त्याचे काय करायचे हे ठरवण्यात प्रजेचा हात नव्हता. गश्ती ५३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकुमान्वये सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. अमेरिकेच्या घटनेत १७९१ मध्ये जी पहिली दुरुस्ती झाली, तिने भाषणाचे, शांततेने एकत्र जमण्याचे आणि सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचे स्वातंत्र्य अबाधित ठेवले. ती दुरुस्ती आणि गश्ती ५३ शेजारी शेजारी ठेवून वाचली, म्हणजे आमचे आजे-पणजे कोणत्या राज्यात राहत होते हे ध्यानात येते.

माझे पणजोबा याच राज्यात सालदार होते. कोणी अंमलदार गावात आला, की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावर वाहून न्यायचे, त्याच्या घोड्याला वैरण आणायची. त्याला वेठ म्हणत. मोबदला नाही आणि का म्हणून विचारायची सोय नाही. आजीने हे आपल्या सासऱ्याच्या तोंडून ऐकले आणि मी आजीच्या तोंडून. सासरा सांगत असे, की डोईवरच्या ओझ्याचे काही वाटत नसे. पण विचारता येत नाही हे आत कुठेतरी टोचत राही.

अशा राज्यात १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढचे १९३८ मध्ये लातूरला झाले. स्वामीजी या कामात पुढे आले. १९३८ सालीच शाळेचा निरोप घेऊन ते हैदराबादला गेले आणि स्टेट काँग्रेसच्या उभारणीला लागले. ही संस्था रीतसर जन्माला यायच्या आतच, ७ सप्टेंबर १९३८ रोजी, निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल यांची पहिली तुकडी निघाली आणि मागोमाग स्वामीजीही सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हणणाऱ्या मुलांना वसतिगृहातून आणि वर्गांतून काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेक जण पुढच्या शिक्षणासाठी नागपूरकडे गेले. ती मुले आमच्याच वयाची होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सत्याग्रही मागत काय होते? आरंभी माझी समजूत अशी होती, की निजामाला हाकलून देणे हीच मागणी असणार. तसे नव्हते. त्यांची मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. राज्याचे मंत्री प्रजेने निवडलेल्या सभेला जबाबदार असावेत, एवढेच. हा शब्द मी पाठ्यपुस्तकात अनेकदा वाचला होता आणि दरवेळी पुढे गेलो होतो. या खेपेला थांबलो. जबाबदार म्हणजे जबाब देणारा. विचारले असता ज्याला उत्तर द्यावेच लागते तो. गंमत अशी, की हा शब्द मराठीत फारसीतून आला, म्हणजे दरबारी भाषेतून. निजामाच्या दरबाराला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता असे नव्हे. त्याला तो लागू करून घ्यायचा नव्हता.

निजाम सरकारने सुधारणा दिल्या नाहीत असे नाही. अय्यंगार समितीच्या शिफारशींनंतर १९३९ मध्ये नव्या कायदेमंडळाची योजना जाहीर झाली. परंतु त्यातले निवडून येणारे सभासद गावागावांतून नव्हे, तर धंद्यांनुसार आणि हितसंबंधांनुसार यायचे होते. त्यांना मंत्र्यांना जाब विचारता येणार नव्हता आणि अखेरचा शब्द निजामाचाच राहणार होता. सभा होती, खुर्च्या होत्या, पण जबाब नव्हता. पुढे १९४६ मध्ये या योजनेप्रमाणे निवडणुका झाल्या, तेव्हा स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार टाकला.

अमेरिकेचा इतिहास येथे उपयोगी पडतो. तेरा वसाहतींचे इंग्लंडशी भांडण जुंपले ते कर किती यावरून कमी आणि तो कोणाच्या संमतीने यावरून जास्त. जिथे आमचा प्रतिनिधी नाही त्या सभेने आमच्यावर कर बसवू नये, ही त्यांची तक्रार. १७७६ मध्ये त्यांनी स्वातंत्र्य पुकारले आणि अकरा वर्षांनी घटना लिहिली. आमच्या सरांनी एक चूक मात्र सुधारली. मी अमेरिकेच्या पद्धतीला जबाबदार राज्यपद्धती म्हणालो होतो. तेथे अध्यक्ष कायदेमंडळाच्या विश्वासावर टिकून नसतो, म्हणून शास्त्राच्या भाषेत तसे म्हणता येत नाही. पण चार वर्षांची मुदत, पैशाच्या किल्ल्या कायदेमंडळाच्या हाती आणि महाभियोगाची तरतूद, या मार्गांनी सत्तेला बांधून ठेवले आहेच. वाट निराळी, हेतू एकच. ज्याच्या हाती सत्ता त्याने कोणाला तरी उत्तर द्यावे.

स्वामीजींचा पुढचा काळ बव्हंशी तुरुंगात गेला. १९४० मध्ये पुन्हा अटक, १९४२ च्या ऑगस्टात पुन्हा अटक. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठायला १९४६ चा जुलै उजाडला. म्हणजे जवळजवळ आठ वर्षे ही संस्था बेकायदा म्हणून जगली. जून १९४७ मध्ये हैदराबादच्या मुशीराबाद भागात तिचे अधिवेशन झाले. अध्यक्ष स्वामीजी. इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहू, असा निजामाचा पवित्रा होता. अधिवेशनाने संस्थान भारतात विलीन करण्याची मागणी केली. ७ ऑगस्ट १९४७ हा विलीनीकरण दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला सारा देश तिरंगा फडकवीत होता, त्या दिवशी पहाटे स्वामीजींना धरून नेले. नोव्हेंबरअखेर भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, तेव्हा ते सुटले. आणि २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा आत गेले.

बाहेर मात्र लढ्याने वेगळे रूप घेतले होते. दिगंबरराव बिंदू आणि इतर सहकारी कृती समितीचे काम पाहत होते. सरहद्दीपलीकडे, उमरखेडसारख्या ठिकाणी, तळ उभे राहिले. नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली गेली आणि वीस लाखांहून अधिक रुपये लढ्याकडे आले. नंतर त्या पैशाचा हिशेब देण्यात आला. मला हा हिशेब लुटीपेक्षाही मोठा वाटतो. उदगीरजवळच्या हत्तीबेटावरही लढवय्यांचा तळ होता. दुसऱ्या बाजूला रझाकार होते. त्यांचा नेता कासीम रझवी हा लातूरात वकिली केलेला माणूस. एकाच मुलखात एक शिक्षक कायद्याचे राज्य मागत होता आणि एक वकील ते मोडायला निघाला होता.

पण हा हिंदू-मुसलमानांचा झगडा होता असे जे कोणी सांगतात, त्यांनी शोएब उल्ला खान यांचे नाव ध्यानात ठेवावे. इमरोज या उर्दू पत्राच्या या तरुण संपादकाने विलीनीकरणाची बाजू मांडली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. आणि आणखी एक गोष्ट, जी आम्ही १७ सप्टेंबरच्या भाषणांत सांगत नाही. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलिस कारवाईनंतर उस्मानाबाद, लातूर, नांदेड या बाजूला अनेक निरपराध मुसलमान मारले गेले, त्यांची घरेदारे लुटली गेली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाहणीसाठी पाठवले होते. तिचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. जबाब मागायचा तर तो दोन्ही बाजूंना मागावा लागतो. नाहीतर आपण जबाबदारीचे नव्हे, आपल्या सोयीचे राज्य मागत असतो.

स्वामीजी सुटले. निजामी संपली. पण लोकांचे राज्य त्याच दिवशी आले का? नाही. आधी जनरल चौधरींचा लष्करी कारभार आला. २६ जानेवारी १९५० ला भारताची राज्यघटना लागू झाली, तेव्हा हैदराबादचे मुख्यमंत्री वेलोडी हे सनदी अधिकारी होते, निवडून आलेले नव्हते, आणि राजप्रमुख होते खुद्द निजाम! पहिले निवडून आलेले मंत्रिमंडळ १९५२ च्या निवडणुकीनंतर, बुर्गुल रामकृष्णराव यांच्या नेतृत्वाखाली अधिकारावर आले. स्वामीजींनी १९३८ साली जे मागितले, ते यायला चौदा वर्षे लागली.

परंतु आले ते पुरे आले. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांनी गुलामगिरी तशीच ठेवली आणि प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला. वर्णावरून मत नाकारू नये ही दुरुस्ती १८७० ची. ती खेड्यापाड्यांत खरी व्हायला १९६५ चा कायदा लागला. स्त्रियांना देशभर मताचा हक्क १९२० मध्ये मिळाला. आमच्याकडे वेठ करणारे माझे पणजोबा, त्यांचा मालक, मालकाची बायको आणि माझी पणजी, सर्वांचे मत एकदम झाले आणि प्रत्येकाचे एकच झाले. त्या वेळी वय एकवीस लागे. घटनेतल्या १९८८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले, म्हणून एकोणीस वर्षांचा मीही मतदार आहे.

स्वामीजींनी पुढे काय केले? ते मंत्री झाले नाहीत. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. भाषेप्रमाणे संस्थानाचे विभाजन व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य विभागले गेले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. जॉर्ज वॉशिंग्टनने युद्ध जिंकल्यावर १७८३ मध्ये सेनापतिपद परत केले आणि दोन मुदती झाल्यावर १७९७ मध्ये अध्यक्षपद सोडले, याचे आपल्याला पुस्तकात कौतुक वाचावयास मिळते. आमच्या या नेत्याने मंत्रिपदाची खुर्ची घेतलीच नाही, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. स्वामीजींना सर्वच साधले असे म्हणता येणार नाही. स्टेट काँग्रेसमध्ये गट पडले होते आणि स्वामीजींचाही एक गट होता. साधुपुरुष म्हणून त्यांना राजकारणातल्या हेव्यादाव्यांपासून सूट मिळाली नाही. पण शाळामास्तराचा पिंड कायम राहिला. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नांदेड एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये पीपल्स कॉलेज काढले. तोवर आमच्या भागातल्या मुलांना कॉलेजसाठी हैदराबाद वा औरंगाबादची वाट धरावी लागे. गरिबाच्या मुलाला ती कुठली परवडणार! २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजी निवर्तले. समाधी तेथेच, बेगमपेठेत आहे.

शेवटी एक घरचा प्रसंग सांगतो आणि लेख संपवतो. गेल्या वर्षी आजीचे निराधार योजनेचे पैसे अचानक बंद झाले. वडील एका कचेरीत तीनदा जाऊन आले. दरवेळी रोज बुडायचा, एस. टी. चे भाडे जायचे आणि उद्या या एवढेच पदरात पडायचे. वडिलांनी कारण विचारले नाही. सालदाराच्या नातवाच्या तोंडून तो प्रश्न निघेना. दिवाळीच्या सुट्टीत मी अर्ज लिहिला, पैसे का थांबले याचे कारण लेखी कळवावे असे त्यात घातले आणि आवक क्रमांक टाकलेली पोच मागून घेतली. मागताना माझाही आवाज कापत होता, हे कबूल करतो. महिन्याभराने टपालाने उत्तर आले. हयातीचा दाखला जोडलेला नव्हता, इतकेच कारण. दाखला दिला, पैसे सुरू झाले. पण वडिलांनी जपून ठेवला तो कागद. शिक्का मारलेला, खाली सही असलेला, आजीच्या नावे आलेला. आमच्या घराण्याला सरकारकडून मिळालेला तो पहिला जबाब होता. आता तो माझ्या गुणपत्रिकेबरोबर एकाच पत्र्याच्या पेटीत आहे.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. हे स्वामी कुठल्याही मठाचे नव्हते. ते शाळेत शिकवायचे, तुरुंगात जायचे आणि राजाने प्रजेला जबाब द्यावा म्हणायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो, की ओसरीवर बसून वडिलांना हे सर्व सांगणार आहे. आजीही ऐकेल. तिला यातले पुष्कळसे माझ्याआधीच ठाऊक आहे.